माझी पिवळी खूण आणि तुझ्या आईची गाठ

तानसा,
मंगळवार, दुपार (आज स्टुडिओ बंद असतो, म्हणून हे लांबणार आहे)

प्रिय भगीरथ यास,

रूपेशचा सप्रेम जयभीम, आणि तुमच्या वाडीच्या रिवाजाने रामराम. दोन्ही ठेवून घे. तुझा गुडघा कसा आहे? भाताच्या गिरणीत दिवसभर कोंडा नाकात जातो आणि मग तू खोकत बसतोस, असं दिपिकावहिनी तुझ्या मेघावहिनीला सांगत होत्या. तोंडाला फडकं बांधत जा, मालक हसला तर हसू दे. वहिनींना नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक, बाबाही ठीक. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली होईल. बाबा आत्ता माझ्यासमोर ओट्यावर बसून भाकरीचा पापुद्रा सोलून कोंबडीला घालतायत आणि मेघा बघतेय का ते बघतायत.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. भल्या माणसा, मोबाइलवरून कोणाला काही पाठवायचा मी धसका घेतलाय. मी एक पाठवतो, माणसं दुसरंच समजतात, आणि चूक तर कोणाचीच नसते. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय धसईच्या बाजाराला सावळारामाचा टेम्पो जातोच, त्याच्याबरोबर हे पत्र आणि पाच काकड्या पाठवतोय. काकड्या कमी भरल्या तर सावळारामाला विचार, मला नको.

आता मुद्द्यावर येतो (येतो म्हणालो, लगेच आलो असं नाही). सहावी ते दहावी आपण एका बाकावर बसलो. त्या पाच वर्षांत तू मला गलोल मारायला शिकवलीस, खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा ते शिकवलंस, तुमच्या बोलीतल्या अकरा शिव्या शिकवल्यास. एक गोष्ट तेवढी सांगितली नाहीस, आणि तिच्यापायी माझा बाप हातचा जायची वेळ आली. त्याच गोष्टीपायी तो सापडला, हेही तितकंच खरं. त्यामुळे तुला शिव्या द्याव्यात की तुझे पाय धरावेत ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्रात दोन्ही होईल. तू आपलं निवडून घे.

बाबांचं तुला माहीत आहे, तरी गेल्या वर्षभरातलं माहीत नाही. माणसं विसरतात, तारखा विसरतात, मला मध्येच माझ्या काकाच्या नावाने हाक मारतात. पण तानसाच्या पाइपलाइनवरची बत्तीस वर्षांची नोकरी काही विसरत नाहीत. रोज लाइनीच्या कडेने चालायचं, कुठे गळतंय ते बघायचं, वहीत लिहायचं. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी सकाळी सातला त्यांना वाटलं की ड्युटी आहे. खाकी शर्ट घातला, काळी छत्री घेतली, फडताळातला डबा घेतला आणि गेले. मेघा नळावर होती, मी अंघोळीला. साडेआठला कळलं. ते गेले याची तेवढी भीती नव्हती रे, पाय त्यांचे अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत. भीती अशी की शुगरची गोळी त्यांनी उठल्याउठल्या घेतली होती आणि खाल्लं काहीच नव्हतं. आणि जो डबा घेऊन गेले तो रिकामा होता. डॉक्टरांनी आम्हाला दहादा बजावलंय, गोळी घेऊन उपाशी राहिले तर शुगर उतरेल आणि जिथे असतील तिथे पडतील. मेघाने फडताळ उघडून मला सांगितलं, "भरलेला डबा हितंच हाय, ते रिकामा घेऊन गेले," तेव्हा मी तो भरलेला डबा उगाचच उघडून बघितला. मी अजून ते फडताळ उघडताना दुसरीकडे बघतो.

मी काय केलं तर हर्षितला फोन केला. हर्षित म्हणजे शहापुरातला दुसरा ड्रोनवाला, माझा धंद्यातला वैरी. (वैरी म्हणजे काय, तो माझ्यापेक्षा स्वस्तात लग्न करतो. म्हणजे लग्नाचं शूटिंग करतो.) बिचारा एक साखरपुडा अर्धा टाकून, अंगावरच्या शेरवानीसकट मोटारसायकलवरून आला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. मेघाने काय केलं तर ती तुमच्या वाडीकडे धावली. भात कापायला सगळी वाडी शेतातच होती. तुझ्या आईने विळा बांधाला ठेवला, बुधूकाकांनी ठेवला, आणि बघता बघता बावीस माणसं शाळेच्या पटांगणावर आली. कापलेलं भात तसंच शेतात पसरलेलं होतं आणि आभाळ धरून आलं होतं. पण एकानेही वर बघितलं नाही. हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं, नंतर आठवलं.

पटांगणावर मी भाषण केलं. आता त्या भाषणाची आठवण झाली की मला ओट्याखाली जाऊन बसावंसं वाटतं. आम्ही दोघं लग्नात जे ॲप वापरतो तेच सगळ्यांच्या मोबाइलवर टाकलं (बावीस माणसांत सहा मोबाइल होते, म्हणजे सहा टोळ्या केल्या). त्यात असं असतं की वरून ड्रोनवाल्याने काही पाहिलं की तो नकाशावर खूण टाकतो, आणि ती खाली फिरणाऱ्या सगळ्यांच्या मोबाइलवर उमटते (खालचा कुठला मोबाइल कुठे आहे तेही दिसतं). लग्नात आम्ही टाकतो: नवरी इथून येणार, वरात इथे वळणार, इथे फटाके आहेत, उभे राहू नका. मी सांगितलं, आम्ही दोघं वरून बघतो. माणसासारखं काही दिसलं की तिथे खूण टाकतो. माझी खूण पिवळी, हर्षितची तांबडी. तुमची टोळी जिथे जाऊन बघेल आणि तिथे काही नसेल, तिथे तुम्ही निळी टाका, म्हणजे तिथे कोणी पुन्हा जायला नको. बुधूकाकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितला. पिवळ्या ठिपक्याखाली ॲप आपणहून 'रूपेश १' असं लिहितं, ते त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला विचारलं, "म्हंजे ही तुजी खूण? तुज्या नावाची?" मी छाती काढून म्हणालो, हो काका, माझी, माझ्या नावाची. त्यांनी सगळ्या वाडीकडे बघून मान हलवली. बावीसच्या बावीस माना हलल्या. एवढं एकमत मी आपल्या ग्रामसभेत कधी पाहिलेलं नाही.

दहा वाजता ड्रोन वर गेले. (अभयारण्याच्या हद्दीपलीकडे न्यायचा नसतो, तेवढा कायदा मला कळतो. लाइनीचा हा तुकडा अलीकडचाच आहे.) माळावर काहीतरी पांढरं दिसलं, टाकली पिवळी. गवतात कोणीतरी बसल्यासारखं दिसलं, टाकली पिवळी. हर्षितने दोन तांबड्या टाकल्या. साडेअकरापर्यंत आमच्या मिळून आठ खुणा झाल्या आणि वाडीच्या निळ्या तीसच्या वर. माणसं अशी चालत होती की मला लाज वाटावी, आणि तरी काहीतरी चुकत होतं. निळे ठिपके सगळीकडे होते, पण आमच्या आठ खुणांपाशी एकही नव्हता. टोळी सरळ येई, खुणेपासून शंभर पावलांवर थांबे, वळसा घाली आणि पुढे जाई. मी बुधूकाकांना फोन लावला, काका, खुणा दिसतायत ना? ते म्हणाले, "दिसतात रे. तू कालजी नको करू, तुज्या खुनांना कोन हात नाय लावनार." मला वाटलं, बोट लागून मोबाइलवरून पुसल्या जाऊ नयेत म्हणून म्हातारा जपतोय. मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले, भगीरथ.

बाराच्या सुमारास मला छत्री दिसली. काळी, गोल, उघडलेली, आणि तिच्या बाजूला लांबडं काहीतरी आडवं पडलेलं. मी 'रूपेश ७' टाकली आणि ग्रुपवर ओरडलो. सगळ्यांत जवळची टोळी तिथून दोनशे पावलांवर होती. ती टोळी उलट्या दिशेने गेली. मग मात्र माझा तोल गेला आणि ड्रोन तसाच हवेत सोडून मीच धावत सुटलो (त्या ड्रोनचं पुढे काय झालं हा या पत्राचा विषय नाही). सव्वा किलोमीटर पळालो, तेही स्टुडिओतल्या बुटांनी. छत्री म्हणजे पेंढ्यावर टाकलेली काळी ताडपत्री होती आणि आडवी पडलेली ती एक म्हैस. मला बघून ती उभी राहिली. पुढचं तुला सांगत नाही. तू हसशील, आणि हसला नाहीस तर मला वाईट वाटेल. एवढंच सांगतो की परत येताना मी जास्त वेगाने आलो.

एक वाजायला आला तेव्हा नाल्याच्या अंगाला एक निळी खूण पडली, आणि त्यानंतर निळ्या पडायच्याच बंद झाल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही नाही. सहाच्या सहा टोळ्या त्या निळ्या खुणेपाशी गोळा होऊन बसलेल्या दिसत होत्या. निळी म्हणजे तिथे काही नाही, हा तर माझाच नियम. बुधूकाकांचा मोबाइल लागेना. माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मला वाटलं, दमले आणि शिदोरी सोडून जेवायला बसले. मी ग्रुपवर लिहिलं, 'काम टाकून जेवायला बसलात का?' आणि त्या निळ्या खुणेच्या बरोबर उलट्या बाजूला, एकटाच, लाइनीच्या वरच्या अंगाला शोधत निघालो. बाबांच्या नावाने हाका मारत होतो, आणि मध्ये मध्ये रडत होतो. तासभर असा गेला.

मग मेघाचा फोन आला. तिने सकाळपासून मोबाइल बघितलाच नव्हता. ती म्हणे, जिकडे माणसं जमली तिकडे गेले, अजून काय करायचं? नाल्याकाठी उंबराखाली बाबा बसले होते. पाय पाण्यात, बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले, छत्री मिटलेली. तुझ्या आईला ते सापडले तेव्हा नुसते घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि बोलणं बरळल्यासारखं येत होतं. मावशीने आधी कोणालाही हाक न मारता पदराच्या गाठीतला गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. डोकं ठिकाणावर आलेलं बघितलं आणि मग शिदोरी सोडून नाचणीची भाकरी आणि चटणी एकेक घास करून भरवली. काम टाकून जेवायला बसले होते ते असे बसले होते. बुधूकाकांना निळ्याशिवाय दुसरा रंग टाकता येत नव्हता, म्हणून त्यांनी निळी टाकली, आणि लगेच त्यांच्या मोबाइलने मान टाकली; मला कळवलंच असेल असं बाकीच्यांनी धरलं. मी पोचलो तेव्हा बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "उशीर झाला तुला. सातला बदली येते, आता दोन वाजले." मी त्यांच्या पायाशी बसलो. माझा तो ग्रुपवरचा मेसेज तुझ्या आईला कोणीतरी वाचून दाखवला असणार. तिने मला उरलेली अर्धी भाकरी दिली आणि खायला लावली.

भाकरी खाता खाता मी तिला विचारलं, मावशी, माझ्या खुणांवर एकजण का गेला नाही? तेव्हा तिने मला ती गोष्ट सांगितली, जी तू मला पाच वर्षांत सांगितली नाहीस. रानात ज्याला मधाचं पोळं दिसलं, कंदाचा वेल दिसला, तो तिथे टहाळा खोचतो नाहीतर गवताची गाठ मारतो, आणि मग ते त्याचं. तो महिन्याने येवो, नाहीतर येवोच नको, दुसरा कोणी तिथे पाऊल टाकत नाही. "तुज्या नावाची खूण व्हती. तुला गावलेलं तुजं. आमी कशे जानार?" मी म्हणालो, अगो मावशी, मी तुम्हाला तिथे बोलावत होतो. तर ती माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाली, "बोलवायचं व्हतं तर खूण कशाला घातलीस? हाक मारायची." ड्रोनच्या कोर्सला तीन दिवस बसलो होतो, त्यातही हा प्रश्न आला नव्हता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. आमच्या नऊच्या नऊ खुणा नंतर हर्षितने जाऊन पाहिल्या (शेरवानीची वाट लागली). दोन खताच्या गोण्या, तीन दगड, एक कापलेला बुंधा, एक बुजगावणं, एक शेळी आणि माझी म्हैस. वाडी जर माझ्या सांगण्याप्रमाणे वागली असती तर दीड-दोन तास या मंडळींची भेट घेण्यात गेले असते. ते आमच्या खुणा सोडून उरलेल्या जागी गेले, म्हणून नाल्यावर वेळेत पोचले. मावशीचं म्हणणं आणखी साधं होतं. तुझ्या त्या पाखराला वरतून झाडाखालचं दिसत नाही, आणि म्हातारा माणूस दुपारचा उन्हात कशाला बसेल? डॉक्टर नंतर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्या संध्याकाळी पाऊस पडला. तुमच्या शेतातलं कापलेलं भात भिजलं. तुझ्या आईने तुला हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतोय. मला कोणी बोललं नाही, मी बांधावरून जाताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी आणि मेघा विळे घेऊन गेलो. मेघाने चार माणसांचं काम केलं. मी दोन वाफे आणि डाव्या हाताचं बोट कापलं, मग बुधूकाकांनी मला पेंढ्या मोजायला बसवलं. भगीरथ, आपण मित्र आहोत म्हणून तुमच्या घरी मी हजार वेळा जेवलो असेन, पण कधी आभार मानायची वेळ आली नव्हती. आता मानायचे तर तोंडाने जमत नाहीत, तुझ्या आईसमोर गेलो की मी पावसापाण्याचं बोलतो. म्हणून तुला लिहितोय. माझा बाप तुझ्या आईने परत आणला. हे तू तिला तुमच्या बोलीत नीट सांग, मला त्यातल्या शिव्याच येतात.

तुझा,
रूपेश

ता. क. पत्राचा खरा विषय राहिलाच. तो ड्रोन. मी म्हशीकडे धावलो तेव्हा तो वर एकटाच होता. बॅटरी संपत आली तशी तो आपल्या बुद्धीने घरी यायला निघाला, आणि वाटेत तुमच्या वाडीचं मोठं ऐनाचं झाड आहे. तिथेच आहे अजून, शेंड्याला, आज अकरा दिवस झाले. पहिल्याच दिवशी जागा विसरू नये म्हणून मी नकाशावर त्याच्यावर पिवळी खूण टाकली. झालं. आता वाडीतला एक माणूस त्या झाडावर चढायला तयार नाही. 'रूपेशची खूण हाय' म्हणतात. उलट कोणी परक्याने काढू नये म्हणून बुधूकाकांनी माझ्या वतीने बुंध्याला टहाळा बांधलाय. खूण पुसली तरी ऐकत नाहीत, पुसली हे कशावरून, म्हणतात. माझं आणि झाडांचं तुला माहीत आहे, आठवीत चिंचेवरून मला उतरवायला शिपाई आला होता. अठ्ठावीस तारखेला मुरबाडला लग्न आहे. तेव्हा गुडघा बरा असेल तर रविवारी ये आणि एवढं काढून दे.

ता. क. दोन. बाबा रोज त्या झाडाखाली जाऊन वर बघतात. काल त्यांची वही उघडून पाहिली तर लिहिलं होतं: 'ऐनावर एक पक्षी. हलत नाही. ड्युटीवर असावा.'

ता. क. तीन. वरचं वाचून तू म्हणशील, बाबा रोज एकटे जातात आणि हा जाऊ देतो? ऐक. गेल्या शुक्रवारी ते पुन्हा निघून गेले. (डबा भरलेला होता, मेघा आता रिकामा डबा घरात ठेवतच नाही.) मी हर्षितला फोन लावणार तेवढ्यात वाटेवरची एक बाई सहज म्हणाली, बाळारामबाबा गेले मघाशी, सावळीच्या अंगणात बसले असतील. गेलो तर खरंच बसले होते, तुझ्या आईच्या सुपातले खडे निवडत. छत्रीच्या मुठीला गवताची गाठ बांधलेली. ती गाठ त्या दिवसापासून तिथे आहे, आणि मी ती पाहिलीच नव्हती. गवत सुकलं की मावशी नवीन बांधते. वाटेत कोणालाही ते दिसले की तो छत्री बघतो आणि त्यांना तिच्या अंगणाकडे लावून देतो. चारला ते आपले आपण घरी येतात. मी म्हणालो, मावशी, ही गाठ मी बांधायला पाहिजे होती, बाप माझा आहे. तर म्हणाली, "तुजा व्हता. तुला गावला नाय. आता माजी खूण हाय, तू हात नको लावू." म्हणजे वाडीच्या कायद्याने माझे बाबा आता तुमच्या घरचे झाले, आणि आपण दोघं भाऊ. तेव्हा रविवारी ये. ड्रोन राहिला तरी चालेल, बाबांची ड्युटी त्याच्यावर आहे.